मागचा टायर ६,७०० किलोमीटरला का संपला : डबलसीट टूरिंगचं एक प्रकरण

"या कंपनीने माल हलका केलाय आता." दादाने फोन केल्या केल्या हेच सांगितलं. मागचा टायर बसवून ६,७०० किलोमीटर झाले होते आणि मधली नक्षी जवळजवळ गेली होती. त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा आधीचा टायर मात्र १०,९०० चालला होता. पाच आठवड्यांवर ९,००० किलोमीटरची टूर आली होती. मागे वहिनी, दोन्ही बाजूंना पेट्या, वर टॉपबॉक्स. त्याला एवढंच विचारायचं होतं की सगळ्यात जास्त चालणारा टायर कोणता.

मी म्हटलं, "दादा, जुना टायर काढून टाकू नकोस. मी येतो, आधी तो बघू."

नवीन टायर घेताना आपण त्याच्याबद्दल सापडेल ते वाचतो, चार जणांना विचारतो, आणि जुना टायर दुकानाच्या कोपऱ्यात टाकून घरी येतो. आपली गाडी, आपलं वजन, आपला वेग आणि आपली हवा भरायची सवय यांचा सगळा हिशेब त्या जुन्या रबरावर उमटलेला असतो. दादाच्या बाबतीत तर उत्तर तिथेच होतं.

गाडी १,३०० सीसीच्या वर्गातली स्पोर्ट टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाची वेगवान गाडी. शाफ्ट ड्राइव्ह (साखळीऐवजी दांडा), टाकी भरून २९० किलो, दोन चाकांमधलं अंतर साधारण दीड मीटर. टायरची मापं पुढे १२०/७० झेडआर १७, मागे १८०/५५ झेडआर १७. मागच्या टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, मापापुढे ७३ डब्ल्यू असं होतं. ७३ म्हणजे पूर्ण हवेवर ३६५ किलोपर्यंतचा भार, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. पुढच्या टायरवर ५८ डब्ल्यू, म्हणजे २३६ किलो. हे आकडे बहुतेक जण वाचत नाहीत. आम्हाला ते पुढे फार उपयोगी पडले.

जुन्या टायरवर काय होतं

गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि चाक हाताने सावकाश फिरवत खोली मोजायच्या काट्याने तीन पट्ट्यांत मोजमाप घेतलं. मधे १.४ मिलिमीटर. डाव्या खांद्यावर, म्हणजे कडेकडच्या पट्ट्यात, ५.०, उजव्या खांद्यावर ४.६. प्रत्येक पट्ट्यात चार ठिकाणी मोजलं, कारण एकाच जागी काटा टेकवून काढलेला आकडा फसवा निघू शकतो. दुकानात त्याच मॉडेलचा न बसवलेला टायर होता, त्याची मधली खोली ६.५ भरली. म्हणजे मधे ५.१ मिलिमीटर रबर गेलं होतं आणि खांदे बऱ्यापैकी शाबूत होते.

डोळे मिटून टायरवरून आडवा हात फिरवला की आकड्यांपेक्षा जास्त कळतं. नवा टायर हाताला सलग गोल लागतो. इथे हात मधे सपाट पट्ट्यावरून सरकत गेला आणि दोन्ही बाजूंना एकेका कंगोऱ्यावर अडला. टायर चौकोनी झाला होता. लांब सरळ रस्त्यांवर वजनदार गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या टायरचं कमी-अधिक प्रमाणात असंच होतं, पण ६,७०० ला इतकं नाही.

हे सगळ्यात आधी वहिनींच्या लक्षात आलं होतं. दोन महिन्यांपासून त्या सांगत होत्या, "वळण घेताना गाडी आधी अडून राहते आणि मग एकदम झोपते." दादाला ते जाणवत नव्हतं, कारण टायर रोज थोडा थोडा बदलत होता आणि तसे त्याचे हातही हँडलवर थोडे जास्त जोर लावायला शिकले होते. मागे बसणाऱ्याच्या हातात हँडल नसतं, त्यामुळे गाडीची चाल त्याला जशी आहे तशी कळते. सपाट पट्ट्यावरून खांद्यावर जाताना गाडीला तो कंगोरा ओलांडावा लागतो. आधी ती विरोध करते आणि कंगोरा ओलांडला की पटकन खाली जाते. रस्त्याच्या उभ्या भेगांवर मागचं चाक बाजूला ओढल्यासारखं वाटतं, हीसुद्धा वहिनींचीच तक्रार आणि तीही त्यातलीच. डबलसीट जाणाऱ्यांनी मागच्या माणसाला अधूनमधून मुद्दाम विचारावं, असं मला तेव्हापासून अगदी मनापासून वाटतं.

५.१ मिलिमीटर ६,७०० किलोमीटरमध्ये, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण १,३०० किलोमीटर. खाचेत एक छोटा उंचवटा असतो, तिथवर टायर झिजला की बदलायचा; या झिजेच्या खुणेची उंची ०.८ मिलिमीटर. त्या हिशेबाने आठशेच्या आसपास किलोमीटर उरले होते. टूर या टायरवर होणार नव्हती, ते नक्की झालं. पण त्याच जातीचा टायर आधी १०,९०० कसा चालला, हे कळल्याशिवाय नवा घेण्यात अर्थ नव्हता. नाहीतर सर्वांत टिकाऊ टायर आणूनही तो वाटेतच संपला असता.

वही

दादा पेट्रोलची वही ठेवतो. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि कधी कधी एखादा शेरा. त्या वहीने कंपनीला निर्दोष सोडवलं. आधीचा टायर १२,४०० ते २३,३०० या टप्प्यात चालला होता आणि त्या काळात दादा बहुतेक एकटा फिरत होता. वहिनींची नोकरी सुट्टी देत नव्हती. नवा टायर बसला आणि त्याच सुमारास वहिनी सोबत जायला लागल्या. पेट्या आल्या, टॉपबॉक्स आला. टायर तोच होता, पण त्याच्यावरचा संसार दुप्पट झाला होता.

मी विचारलं, "हवा किती ठेवतोस मागे?"

"अडतीस. पहिल्यापासून."

"कधी भरतोस?"

"पंपावर. पेट्रोल भरताना."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जागची हललेली नसताना काटा लावला. मागे ३४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). दादाला पटेना. त्याने स्वतः पुन्हा लावून बघितला, मग माझा काटा खोटा असेल म्हणून दुसरा काटा आणला. तोही ३४. पंप घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर. तिथे पोहोचेपर्यंत टायर तापतो, आतली हवा फुगते आणि काट्यावर ३८ दिसतात. दादा इमानेइतबारे ३८ भरत होता, पण गरम टायरमध्ये. टायर गार झाला की ते ३४ व्हायचे. गाडीच्या पुस्तकात डबलसीट आणि सामानासाठी मागे ४२, पुढे ३६ लिहिलं होतं, आणि तेही गार टायरचे आकडे. म्हणजे पूर्ण ओझं लादून तो आठ पीएसआय कमी हवेवर फिरत होता.

कमी हवेचा टायर जमिनीला टेकताना जास्त चेपतो आणि सुटताना जास्त उसळतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत हे होतं. त्या मोडण्या-वाकण्यातून उष्णता तयार होते, आणि तापलेलं रबर लवकर झिजतं. हे प्रत्यक्ष बघायचं म्हणून त्याच सकाळी ३४ वरच तासभर गाडी हमरस्त्यावर चालवली आणि उतरल्या उतरल्या मोजलं. ४१. गार आकड्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त. जाणते रायडर एक ठोकताळा वापरतात: मागच्या टायरची हवा तापल्यावर साधारण दहा टक्के वाढावी. त्याहून फार वाढली तर मुळात हवा कमी आहे. अशा वेळी गरम टायरमधली हवा सोडायची नसते, ती सोडली तर गार झाल्यावर आणखी कमी पडते. माझ्या ओळखीच्या दोघांनी ही चूक केली आहे, दोघेही वर्षानुवर्षं गाडी चालवणारे.

मग वजन. टूरला जायचं तसं सगळं सामान भरलं, दोघं हेल्मेट-जॅकेट घालून बसले आणि वजनकाट्यावर आधी पुढचं, मग मागचं चाक घेतलं. पुढे १७०, मागे ३२०. एकूण ४९० किलो. मागच्या टायरची ताकद ३६५ ची, पण ती पूर्ण हवेवर. ३४ पीएसआयवर तेवढी ताकद त्याच्यात नव्हती. आपण टायरला त्याच्या कुवतीच्या काठावर चालवत होतो, हे समजल्यावर दादा बराच वेळ काही बोलला नाही. मागे कोण बसतं, हे त्याच्या डोक्यात आलं असावं.

वजनाची एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. टॉपबॉक्स मागच्या एक्सलच्याही मागे असतो. तिथे ठेवलेलं दहा किलो मागच्या चाकावर दहा किलोच पडत नाही. या गाडीत बॉक्सचा मध्य एक्सलच्या साधारण ४० सेंटीमीटर मागे येत होता. तरफेच्या हिशेबाने दहा किलोचे मागे पावणेतेरा होतात आणि पुढचं चाक पावणेतीन किलोने हलकं होतं. दादाने हत्यारांची पिशवी, पाण्याच्या बाटल्या आणि साखळीचं कुलूप नेमकं तिथेच ठेवलं होतं, कारण तो उघडायला सोपा. आम्ही सात किलो टाकीवरच्या बॅगेत आणलं आणि सहा किलो सामान घरीच ठेवलं. पुन्हा काट्यावर घेतलं तेव्हा मागे ३०६, पुढे १७८. घरी ठेवलं सहा किलो, पण मागच्या चाकावरून उतरलं चौदा.

वेगावरून थोडा वाद झाला. दादा हमरस्त्यावर १२५ ने जातो. मी १०५ सुचवले. त्याला वाटलं मी सुरक्षिततेचं प्रवचन देतोय. मी टायरचंच बोलत होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०५ वरून १२५ ला गेलं की तो सुमारे चाळीस टक्के वाढतो, आणि तो तोडायला लागणारा सगळा जोर मागच्या टायरच्या तळहाताएवढ्या भागातूनच रस्त्याला द्यावा लागतो. जोर देताना रबर जरासं घसरतंच, ते डोळ्यांना दिसत नाही एवढंच. जोर चाळीस टक्के जास्त, घसरणंही तितकंच जास्त. दोन्ही गुणले की हवेशी झुंजण्यातली रगड जवळजवळ दुप्पट. पेट्या आणि टॉपबॉक्स लावलेल्या गाडीला तर हवा आणखी अडवते. वहिनींनी मधेच विचारलं, "दिवसाला किती वेळ जास्त लागेल?" चारशे किलोमीटरला पाऊण तासाहून कमी. "मग चालेल," म्हणाल्या, आणि वाद संपला.

टायर कोणता

आता टायर निवडायला आम्ही मोकळे झालो. मागणी नेमकी मांडता येत होती. टूर ९,००० ची, जाण्याआधी रुळवायचे आणि इकडेतिकडे फिरायचे धरून १०,०००. वाटेत पाऊस लागणारच होता, म्हणून झिजेच्या खुणेपर्यंत न्यायचं नाही, २ मिलिमीटरला थांबायचं असं ठरवलं. ही दोन मिलिमीटरची मर्यादा माझी स्वतःची आहे. खाचा उथळ झाल्या की पाणी बाजूला सारायची ताकद कमी होते, आणि डबलसीट गाडीवर मला तिथे तडजोड नको असते. ६.५ मधून २ गेले, उरले ४.५. दहा हजाराला ४.५ म्हणजे एका मिलिमीटरला २,२०० किलोमीटर. जुना टायर देत होता १,३००.

पहिली सूचना दादाच्या एका मित्राकडून आली होती: मागे कारचा टायर बसव, दुप्पट चालतो. काही अवजड टूरिंग गाड्यांचे मालक हे करतात आणि चालतोही खरा, पण मी ठाम नाही म्हटलं. मोटरसायकलच्या टायरचा आडवा छेद गोल असतो तो गाडी झुकते म्हणून. कारचा टायर सपाट असतो. झुकवताना तो एका कडेवर उभा राहतो आणि जमिनीवर टेकणारा भाग कमी-जास्त होत राहतो. त्याहून मोठी अडचण रिमची आहे. कारच्या टायरची बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी कडा, आणि मोटरसायकलच्या रिमची बैठक एकमेकांसाठी बनवलेल्या नसतात. टायर आणि गाडी बनवणारे दोघेही हे करू नका म्हणतात. चौकोनी झालेल्या टायरमुळे वहिनींना जो त्रास होत होता, तोच आपण नवाकोरा विकत आणायचा, असा त्याचा अर्थ झाला असता.

दुसरी सूचना दुकानातून आली: सगळ्यात कडक रबराचा घ्या. कडक रबर टिकतं हे खरंच. पण ओल्या आणि गार रस्त्यावर ते रस्त्याचा बारीक खरखरीतपणा पकडू शकत नाही. आजच्या स्पोर्ट टूरिंग टायरमध्ये हा पेच बराचसा सोडवलेला असतो. मधल्या पट्ट्याला टिकाऊ मिश्रण, खांद्यांना मऊ मिश्रण, आणि रबरात सिलिका मिसळलेली असते, त्याने ओल्यातली पकड सुधारते. मिशेलिनने पायलट रोड २ मध्ये दोन मिश्रणांची ही रचना टूरिंगच्या टायरला आणली ती २००७ च्या सुमारास. आता या वर्गातल्या जवळपास प्रत्येक कंपनीकडे तिचा काही ना काही प्रकार आहे.

टिकाऊपणाची तुलना करायला मोटरसायकलच्या टायरवर एखादा आकडा छापलेला असेल, असं दादाला वाटत होतं. कारच्या टायरवर अमेरिकी नियमाप्रमाणे ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेच्या तुलनेचा, आकडा असतो. मोटरसायकलच्या टायरला तो नियम लागू नाही. त्यामुळे 'हा पंधरा हजार चालतो' असं कोणी म्हटलं की विचारावं: कोणत्या गाडीवर, किती वजनाला, किती हवेवर, कोणत्या वेगाने? दादाचा एकाच मॉडेलचा टायर ६,७०० आणि १०,९०० असे दोन्ही चालला होता.

निर्णय खरा ठरला तो साइडवॉलवरच्या एका छोट्या खुणेवर. एकाच मॉडेलचा, एकाच मापाचा टायर दोन बांधणींत मिळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. साधी बांधणी हलक्या आणि मध्यम गाड्यांसाठी, दुसरी वजनदार गाड्यांसाठी. मिशेलिनच्या रोड ६ चा जीटी, ब्रिजस्टोनच्या टी३२ चा जीटी, पिरेलीच्या एंजल जीटी २ चा 'ए' खूण असलेला प्रकार, मेट्झेलरच्या रोडटेक ०१ चा एचडब्ल्यूएम. नाव जवळपास तेच, नक्षी सारखीच, फरक आतल्या सांगाड्यात. भाराखाली तो कमी मोडतो. कमी मोडला की कमी तापतो, आणि कमी तापला की कमी झिजतो. दादाचे आधीचे दोन्ही टायर साध्या बांधणीचे होते. एकट्याला ते पुरले. ३२० किलोला पुरले नाहीत. 'कोणती कंपनी' यापेक्षा 'कोणती बांधणी' हा प्रश्न या गाडीसाठी कितीतरी मोठा होता, आणि तो त्याला तोवर कोणी विचारलाच नव्हता.

या चारांपैकी एक घेतला. कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं दोन-चार वर्षांत बदलतात, आणि मला भीती आहे की वाचणारा नाव घेऊन दुकानात जाईल आणि बांधणीची खूण बघायची विसरेल.

पुढच्या टायरचा निर्णय इतका सोपा नव्हता. मधे २.४ मिलिमीटर होतं, ते एरवी मी चालवलं असतं. पण ब्रेकमुळे नक्षीचे ठोकळे एका बाजूने जास्त खाल्ले गेले होते. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीसारखा. ९,००० ची टूर तो काढणार नव्हता, आणि पुढे-मागे एकाच मॉडेलची जोडी असली की गाडी एका सुरात वळते. दोन्ही बदलले.

घेताना तारीख बघितली. साइडवॉलवर डॉट या अक्षरांनंतर जी मालिका असते, तिचे शेवटचे चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ०८२३ म्हणजे २०२३ चा आठवा आठवडा. रबर न वापरताही हळूहळू कडक होतं. आधी आमच्या हातात दिलेल्या जोडीतला मागचा टायर पुढच्यापेक्षा तीन वर्षं जुना होता. परत दिला, ताजा मागितला. बसवताना बाणाची दिशा बघितली, व्हॉल्व्ह नवे टाकले, दोन्ही चाकं बॅलन्स केली. बीड बसली की रिमलगत टायरवर जी बारीक रेघ असते, ती सगळीकडून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. मागच्या चाकावर एका जागी ती आत दबलेली दिसली. हवा सोडून, बीडला साबणपाणी लावून पुन्हा बसवायला लावली. निघताना ब्रेकचं लिव्हर दोन-तीनदा दाबून घट्ट करून घेतलं. पॅड मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.

पहिले दीडशे किलोमीटर दादा एकटा आणि सावकाश फिरला. नव्या टायरचं तोंड गुळगुळीत असतं. ते थोडं खरखरीत होईपर्यंत वहिनींना मागे बसवायचं नाही, हे त्याने आपणहूनच ठरवलं.

टूर

रोज सकाळी निघण्याआधी वहिनी काटा लावायच्या. हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, वहीत वेगळं पान केलं. मागे ४२, पुढे ३६. पहिल्या दिवशी तासाभराने थांबून मोजलं तेव्हा मागे ४६. दहा टक्क्यांच्या आत.

अकराव्या दिवशी सकाळी मागे ३७ आले. आदल्या दिवशी ४२ होते. टायर नुसता बघून काही कळत नव्हतं. चाक बोटभर बोटभर फिरवत गेल्यावर मधल्या खाचेत तारेचं एक टोक चमकलं, शिवणाच्या सुईपेक्षा जाड नव्हतं. साबणपाण्याचा एक थेंब टाकला तर बारीक बुडबुडा उठला. तार काढली, सोबतच्या स्ट्रिपने (पंक्चरच्या छिद्रात घालायच्या रबरी पट्टीने) छिद्र बुजवलं, हवा भरली आणि वेग ८० वर आणला. स्ट्रिप हा पुढच्या गावापर्यंत पोहोचायचा उपाय आहे. संध्याकाळी टायर काढून आतून पॅच लावून घेतला. छिद्र मधल्या पट्ट्यात होतं म्हणून हे करता आलं. साइडवॉलला असतं तर टायर बदलण्याशिवाय मार्ग नव्हता. रोजचा काटा नसता तर पाच पीएसआय कमी हवेवर तो दिवसभर चालला असता आणि संध्याकाळपर्यंत हवा आणखी उतरली असती.

मधल्या पट्ट्याच्या खोलीच्या नोंदी अशा. बसवताना ६.६. तीन हजारांना ५.१. ६,१०० ला ३.७. घरी परतल्यावर, एकूण ९,३०० किलोमीटर झाल्यावर, २.३. एका मिलिमीटरला साधारण २,१६०. मागितले होते २,२००, आणि ते जुन्या ६.५ वर धरलेले. पहिल्या तीन हजारांत झीज थोडी जास्त दिसते, कारण त्यात दादाचे दोन दिवस होते जेव्हा तो पुन्हा १२५ ने गेला. वहीत वहिनींनी त्या दोन तारखांसमोर वेग लिहून ठेवला आहे.

यात टायरच्या बांधणीचं श्रेय किती, हवेचं किती, वजन आणि वेगाचं किती, ते वेगळं काढता येणार नाही, कारण आम्ही सगळं एकदम बदललं. माझा कल हवेकडे आहे. आठ पीएसआयची तूट होती आणि ती प्रत्येक किलोमीटरला चालू होती. दादाचा कल बांधणीकडे. वळणावरची चाल शेवटपर्यंत बदलली नाही, हे मात्र वहिनींनी आपणहून सांगितलं, आणि परतल्यावर टायरवर आडवा हात फिरवला तेव्हा मधे किंचित सपाट लागलं, पण कंगोरा नव्हता.

२.३ वर आता एकट्याने जवळपास फिरायला हरकत नाही, लांब जायचं झालं तर आधी बदलायचा, असं ठरलं आहे. पुढच्या टायरच्या उजव्या बाजूला पुन्हा ती करवत लागायला लागली आहे. या वेळी टायर बदलण्याआधी आम्ही पुढचे शॉकअप उघडून त्यातलं तेल बघणार आहोत. वहीप्रमाणे ते ३०,००० किलोमीटर बदललेलं नाही.